तुटलेला धागा आणि खिशातले ध्यान

भिवंडीतल्या एखाद्या यंत्रमागाच्या कारखान्यात तुम्ही कधी गेला आहात काय? आत पाऊल टाकताच खडखडाटाने कान बधिर होतात. शेजारच्याशी बोलायचे तर त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते. पण मागावरचा कारागीर पाहा. त्याची नजर धाग्यांवर खिळलेली असते. धागा तुटला की तो माग थांबवतो, गाठ मारतो आणि पुन्हा माग चालू करतो. दिवसातून कितीदा धागा तुटला याचे दुःख तो करीत बसत नाही. गाठ वेळेवर पडली म्हणजे झाले!

आपल्या मनाचेही असेच आहे. भूमितीचे प्रमेय वाचता वाचता मन क्रिकेटच्या मैदानावर कधी जाते, हे आपल्यालाच कळत नाही. ते गेले आहे हे ओळखणे आणि न चिडता त्याला परत आणणे, या सवयीला सजगता म्हणतात. श्वासाकडे लक्ष देणे हा तिचा साधा अभ्यास. आपल्याकडे ही परंपरा फार जुनी. परंतु ध्यान व योग प्रयोगशाळेत तपासून पाहण्याचे कामही महाराष्ट्रातच लवकर सुरू झाले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढली, ती याच हेतूने. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेतील जॉन कबात-झिन यांनी रुग्णालयातील रुग्णांसाठी सजगतेचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम तयार केला. आता तर हे शिक्षण अॅपच्या रूपाने मोबाइलमध्ये आले आहे. भारत सरकारच्या आयुष मंत्रालयानेही २०२१ मध्ये पाच मिनिटांच्या योगविश्रांतीचे अॅप काढले.

मोबाइल हा शिक्षक आहे, तसा तो मोजपट्टीही होऊ शकतो. हार्वर्ड विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी एक युक्ती केली. दिवसातून अवचित केव्हाही फोन वाजे आणि विचारी : तुम्ही काय करीत आहात? मन त्याच कामात आहे काय? तुम्हाला कसे वाटते? २,२५० प्रौढ माणसांची उत्तरे त्यांनी व त्यांचे सहकारी डॅनियल गिल्बर्ट यांनी तपासली. निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते, आणि मन भटकत असताना माणसे कमी आनंदी होती!

मग तुम्ही म्हणाल, ‘अॅप घेतले की काम झाले!’ छे, खरी गंमत पुढेच आहे. २०१९ मध्ये अमित बाउमेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसिक आरोग्यासाठी असलेल्या ९३ अॅपांचा प्रत्यक्ष वापर तपासला. मधल्या क्रमांकाच्या अॅपचा हिशेब असा निघाला की, पहिल्या दिवशी ते उघडणाऱ्या १०० जणांपैकी तिसाव्या दिवशी ते उघडणारे जेमतेम ३ होते. अॅप किती जणांनी घेतले, हा आकडा म्हणूनच फसवा असतो. व्यायामाची पुस्तके विकत घेतल्याने दंड थोडेच भरतात?

लोक का सोडतात आणि टिकणारे का टिकतात, हा आज पीएच.डी.च्या संशोधनाचा विषय आहे. अशा संशोधनाला पैसाही मिळतो. आपल्या देशात ‘नेट’ परीक्षेतून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळवणाऱ्याला जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये ठरले आहेत. हा पैसा जनतेचा, म्हणून उत्तरही चोख हवे.

पण ते सोपे नाही. समजा, टिकून राहिलेली मुले अधिक शांत आढळली. ती अॅपमुळे शांत झाली, की मुळात शांत होती म्हणून टिकली? हे कळण्यासाठी चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात. एकाला अॅप द्यायचे, दुसऱ्याला नाही. दुसरा पेच त्याहून मजेचा आहे. मूल चालू लागले की पांगुळगाडा कोपऱ्यात पडतो. त्याचप्रमाणे, एखाद्याने अॅप सोडले ते कंटाळून, की आता ते त्याच्याशिवाय जमते म्हणून? नुसती मिनिटे मोजून हे समजणार नाही. त्या माणसालाच विचारावे लागेल.

आता भिवंडीकडे परत येऊ. येथे मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा भाषा घरोघरी बोलल्या जातात. ‘शांत खोलीत बसा, कानाला इअरफोन लावा’ असे इंग्रजीत सांगणारे अॅप, मागाच्या आवाजात दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलीच्या काय कामाचे? घरात फोन एकच आणि तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला असला तर? अशा मुलीने अॅप सोडले, तर दोष तिच्या चिकाटीचा की अॅपच्या रचनेचा? असे प्रश्न त्या गल्लीत वाढलेल्या संशोधकालाच आधी सुचतील.

तोपर्यंत एक प्रयोग करा. त्याला फोन लागत नाही. रोज पाच मिनिटे बसून श्वास एक ते दहा मोजा व पुन्हा एकपासून सुरू करा. मोजणी चुकली की वहीत एक रेघ ओढा. वर्गातील इच्छुक मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एका गटाला गुरुजींनी रोज आठवण द्यावी, दुसऱ्याला देऊ नये. नाव न लिहिता, चौदाव्या दिवशी प्रत्येक गटातील किती जण टिकले ते मोजा आणि सोडणाऱ्यांना कारण विचारा. त्यांना हसू मात्र नका. त्यांची उत्तरे हाच प्रयोगाचा गाभा आहे. कोणाला बसून अस्वस्थ वाटले तर त्याने खुशाल थांबावे. मन फारच उदास राहत असेल तर ध्यानावर विसंबू नका. घरच्यांना, शिक्षकांना सांगा, किंवा १४४१६ या सरकारी ‘टेलिमानस’ क्रमांकावर फोन करा.

आणि वहीत रेघा पुष्कळ झाल्या म्हणून हिरमुसू नका. प्रत्येक रेघ म्हणजे तुटलेला धागा तुमच्या ध्यानात आला, आणि तुम्ही गाठ मारलीत!