आतुराचा विश्वास : वैद्याकडे सोपविलेली ठेव

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसावा अध्याय अष्टविध शस्त्रकर्मांचा आहे. छेदन, भेदन, लेखन आदी कर्मांचे आणि त्यांतील प्रमादांमुळे उद्भवणाऱ्या व्यापदांचे विवेचन संपविताना आचार्य रुग्णाच्या मनाकडे वळतात. आतुर मनुष्य एक वेळ आई, वडील, पुत्र व आप्त यांच्याविषयीही साशंक राहील. परंतु वैद्यावर तो विश्वास टाकतो व स्वतःला त्याच्या स्वाधीन करतो, म्हणून वैद्याने त्याचे पुत्रवत् पालन करावे, असा त्या वचनाचा आशय आहे. विश्वास टाकतो तो रुग्ण. त्याचे दायित्व आचार्यांनी वैद्याच्या शिरावर ठेवले आहे. हे दायित्व चिकित्सेच्या पहिल्या दिवशीच, किंबहुना पहिल्या प्रश्नापासूनच सुरू होते, याकडे वैद्यबंधू-भगिनींचे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक अनुभव

हिंगोली जिल्ह्यात व्यवसाय करताना आलेला एक अनुभव प्रथम नमूद करतो. त्यातील चूक माझीच आहे.

हळदीची काढणी आटोपल्यावर सेनगाव तालुक्यातील पंचावन्न वर्षांच्या एक मावशी मुलासोबत दवाखान्यात आल्या. "कंबर लई ठणकती," एवढीच तक्रार. नाडी पाहिली, अग्नी, मल, निद्रा यांची विचारपूस केली. हळदीच्या रानात दिवसदिवस वाकून काम केल्याने झालेला वातज कटिशूल, असे अनुमान करून योगराज गुग्गुळ, दशमुळांचा काढा व अभ्यंगासाठी तेल दिले. महिन्याने त्या पुन्हा आल्या. तीच तक्रार, तेच औषध. तिसऱ्या खेपेस मुलाऐवजी सून सोबत होती. दारापर्यंत गेलेली ती सून माघारी वळली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आत्याच्या अंगावरून लाल जातंय. पाळी बंद होऊन सहा वर्षं झालीत."

त्यांना तातडीने नांदेडला पाठविले. निदान गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे झाले. दोन महिने मी कमरेला तेल लावावयास सांगत होतो. आधी का सांगितले नाही, असे विचारता मावशी म्हणाल्या, "लेकासमोर कसं सांगू? अन् तुम्ही तरी कुठं इचारलं?"

प्रश्नपरीक्षा आणि ज्ञापकत्व

सुश्रुताचार्यांनी पाच ज्ञानेंद्रिये व प्रश्न अशी षड्विध रोगपरीक्षा सांगितली आहे. चरकाचार्यांनी चतुष्पादाचे वर्णन करताना रुग्णाच्या चार गुणांत 'ज्ञापकत्व' म्हणजे आपली व्यथा नीट कळविण्याची क्षमता गणली आहे. आपण बहुधा असे समजतो, की हा गुण रुग्णाने सोबत घेऊनच यावा. प्रत्यक्षात तो रुग्णाच्या ठायी प्रकट व्हावा यासाठी वैद्यालाच अवकाश निर्माण करावा लागतो. सेनगावच्या मावशींचा माझ्यावर विश्वास नव्हता असे नाही. नसता तर त्या तीन वेळा आल्याच नसत्या. त्यांचा विश्वास जेथवर पोहोचत होता, तेथवरचाच आजार त्यांनी मला सांगितला.

ही एकट्या रुग्णेची गोष्ट नव्हे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. मात्र त्यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. दारिद्र्य व अंतर ही कारणे आहेतच. पण ज्या दुखण्याचे नावही चारचौघांत घेता येत नाही, ते दवाखान्याच्या दारात कसे उच्चारावे, हा संकोचही त्यांत असतो.

शुभ्र वस्त्रांचा अर्थ

वैद्याने व्यवसायात पदार्पण कसे करावे, हे सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे. नखे व केस कापलेले, शुभ्र वस्त्र, वेशात भपका नसावा, मन प्रसन्न व वाणी कल्याणकारी असावी, कपट नसावे आणि प्राणिमात्रांविषयी बंधुभाव असावा. शुभ्र वस्त्रामागे शुचित्वाचा व रुग्णाच्या आश्वासनाचा हेतू दिसतो.

बंग दांपत्याला गडचिरोलीत याच्या उलट अनुभव आला. आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, असे विचारता लोकांनी सांगितले, की तेथील डॉक्टर व परिचारिका पांढरे कपडे घालतात, आणि पांढऱ्या कापडात आम्ही प्रेत गुंडाळतो. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, तेथे आमचा देव नाही, अशाही तक्रारी होत्या. त्या ऐकून शोधग्राम येथील रुग्णालय आदिवासी वस्तीच्या धर्तीवर झोपड्यांसारखे उभारले गेले, नातेवाइकांच्या राहण्याची सोय झाली आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. शास्त्राज्ञेचा शब्द तेथे बाजूला राहिला, पण तिचा हेतू साधला गेला. रुग्णाला भय कशाचे वाटते, हे आधी त्यालाच विचारले, हे त्यामागील मर्म होय.

बळाने विश्वास मिळत नाही

न विचारता केलेल्या उपायाचे फळ पुण्याने १८९७ साली पाहिले. प्लेगच्या साथीत मार्च महिन्यापासून प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्या अधिकाराखाली सैनिक घरोघरी शिरून झडती घेऊ लागले. रोगी वेगळे करणे हा हेतू वैद्यकीयदृष्ट्या निराधार नव्हता. परंतु उपचाराचे पहिले दर्शनच दारावरील शिपायाच्या रूपाने झाले, आणि लोक आपले रुग्ण लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचविले. त्या सेवेत त्यांना स्वतःला लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग एकच, शहर एकच. एका बाजूस भय होते, दुसऱ्या बाजूस रुग्णाला पाठीवर घेणारी माउली होती.

आपल्या दवाखान्यात

आपल्या जिल्ह्यात बंजारा तांडे आहेत, आंध आदिवासींच्या वस्त्या आहेत, ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने परगावी राहणारी कुटुंबे आहेत. बाजाराच्या दिवशी दवाखाना भरलेला असतो. अशा गर्दीतही पुढील गोष्टी साध्य आहेत.

रुग्णाची तक्रार इतरांच्या कानी पडणार नाही, एवढी आडोशाची जागा असावी. स्त्रीरुग्णेशी दोन मिनिटे तरी सोबतच्या पुरुषाला बाहेर बसवून व स्त्री मदतनीस जवळ ठेवून बोलावे; कटिशूल सांगणाऱ्या प्रत्येक स्त्रीला पाळी व 'अंगावरून जाण्या'विषयी तिच्याच शब्दांत विचारावे. तांड्यावरील वृद्धांसाठी गोरमाटी बोली जाणणारे माणूस हाताशी असावे. रुग्ण आधी भगताकडे वा अन्यत्र जाऊन आला असेल तर त्याची चेष्टा करू नये. केल्यास पुढील वेळी तो तेवढेच लपवील. 'सुई द्या' असा आग्रह धरणाऱ्यास नकाराचे कारण समजावून द्यावे. अनावश्यक सुई टोचून मिळविलेला विश्वास हा विश्वासाचा गैरवापर होय. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर सांगू नये, हा चरकाचार्यांचा दंडक पाळावा.

सर्वांत अवघड बाब शेवटी. जे आपल्या आवाक्यात नाही ते पहिल्याच भेटीत सांगावे. पाळी बंद झाल्यावर वर्षभराने पुन्हा रक्त दिसणे हे असेच एक लक्षण. तेथे औषध देऊन वाट पाहण्यास जागा नाही. रुग्ण दुरावेल ही भीती आपल्या मनात असते. परंतु चिठ्ठी लिहून, कोठे जावे हे सांगून, परत आल्यावर भेटण्यास सुचविले, तर रुग्ण दुरावत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्या मावशींवर पुढे किरणोपचार झाले. वर्षभराने त्या पुन्हा दवाखान्यात आल्या. सोबत गावातील एक तरुण सून होती. स्वतःविषयी काही बोलण्याआधीच म्हणाल्या, "साहेब, हिला एकटीला आत घ्या. अन् सगळं इचारा."