बिनतारी संभाषणाची पट्टरुंदी

बिनतारी मार्गाने होणाऱ्या एका संभाषणास कंप्रतांचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्यांचा) जेवढा पट्टा लागतो, त्यास त्या संभाषणाची पट्टरुंदी म्हणतात. बँडविड्थ हा शब्दही रूढ आहे. अंकीय पद्धतीत ती दर सेकंदास पाठवाव्या लागणाऱ्या बिटांत सांगतात. उपलब्ध पट्टा मर्यादित असल्याने एका वेळी किती जणांना बोलता येईल, हे या मापनावरून ठरते.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरासारख्या ठिकाणाहून समुद्रात जाणाऱ्या नौकांसाठी असलेल्या सागरी व्हीएचएफ सेवेत वाहिन्यांमधील अंतर सामान्यतः २५ किलोहर्ट्‌झ असते. आवाजाची कमाल कंप्रता ३ व वाहक तरंगाचे कंप्रता-विचलन ५ किलोहर्ट्‌झ धरल्यास कार्सन यांच्या नियमानुसार पट्टरुंदी २ × (५ + ३) = १६ किलोहर्ट्‌झ येते. प्रत्यक्षात ती वर्णपट विश्लेषकाने मोजतात. प्रेषित शक्तीचा ९९ टक्के भाग ज्या पट्ट्यात सामावतो, त्याची रुंदी घेतली जाते. परंतु एवढ्याने वाहिनीचा वापर कळत नाही. बोलण्याचे बटण दाबलेले असेपर्यंत, बोलणारा गप्प असला तरी, वाहिनी अडलेली राहते. १६ क्रमांकाची वाहिनी (१५६.८ मेगॅहर्ट्‌झ) संकटकालीन हाकेसाठी आहे. तीवर गप्पा चालू राहिल्यास बुडणाऱ्या नौकेची हाक दबून जाण्याचा धोका असतो. म्हणून संपर्क होताच पुढील बोलणे दुसऱ्या वाहिनीवर न्यावयाचे असते. अशा ठिकाणी रुंदीइतकाच व्याप्तिकालही मोजणे अगत्याचे आहे.

इंटरनेटद्वारे होणाऱ्या संभाषणात आवाजाचे सामान्यतः २० मिलिसेकंदांचे तुकडे करून ते पुडक्यांच्या रूपाने पाठवितात. जी.७२९ या संहितनात आवाजास सेकंदाला फक्त ८ किलोबिट लागतात, म्हणजे प्रत्येक पुडक्यात २० बाइट आवाज असतो. त्यास पत्ता, क्रमांक इ. मजकुराच्या ४० बाइटांची जोड मिळते. पत्रापेक्षा पाकीटच दुप्पट जड! सेकंदाला ५० पुडकी जात असल्याने एका दिशेचा खर्च २४ किलोबिट होतो. चौथ्या पिढीच्या भ्रमणध्वनी जाळ्यात हे शीर्ष संक्षेपाने काही थोड्या बाइटांवर आणतात. त्यामुळे मापन कोठे केले, हे न सांगितलेला आकडा निरर्थक ठरतो.

वाय-फायमध्ये खरा खर्च वेळेचा असतो. १९९९ च्या ८०२.११बी मानकाचा कमाल वेग सेकंदाला ११ मेगाबिट आहे. जी.७११ संहितनाच्या संभाषणास दोन्ही दिशा मिळून १६० किलोबिट लागतात. भागाकाराने जवळजवळ ७० संभाषणे मावावयास हवीत. प्रत्यक्षात सुमारे १० च मावतात, कारण प्रत्येक पुडक्यापूर्वीची प्रतीक्षा, प्रारंभिक संकेत व नंतरची पोच यांतच बहुतेक वेळ जातो.