घरी सांभाळ करावा लागणाऱ्या दिव्यांग व्यक्तीसाठी मदत: पैसे कोण देते, अर्ज कोठे करावा

जेवू घालणे, अंघोळ, कूस बदलणे हे सर्व दुसऱ्याने करावे लागते, तेव्हा घरातील एकाची मजुरी बुडते. सध्याची बहुतेक मदत दिव्यांग व्यक्तीच्या नावे मिळते. सांभाळणाऱ्यासाठी वेगळा भत्ता कायद्यात आहे, पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

दरमहा मदत किती?
केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजनेत ३०० रुपये मिळतात (वय १८ ते ७९, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक, कुटुंब दारिद्र्यरेषेखालील). त्यावर भर राज्य घालते. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये मिळतात. पूर्वी १,५०० रुपये मिळत. दिव्यांगत्व किमान ४० टक्के, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत आणि महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य आवश्यक आहे. अर्ज तहसील कार्यालयात करावा.

आम्ही चंडीगडला राहतो. आम्हाला काय?
महाराष्ट्राची योजना तेथील रहिवाशांसाठीच आहे. चंडीगड केंद्रशासित प्रदेश आहे. त्यामुळे अर्ज चंडीगड प्रशासनाच्या समाजकल्याण विभागाकडे करावा. रक्कम व अटी तेथील नियमांप्रमाणे राहतील. गाव बदलल्यास मदत आपोआप सोबत येत नाही, हे लक्षात ठेवावे.

सांभाळणाऱ्यासाठी भत्ता आहे का?
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. रक्कम कायद्याने ठरवलेली नाही. आपल्या आर्थिक क्षमतेनुसार योजना आखणे शासनावर सोपवले आहे. म्हणून राज्याराज्यांत फरक पडतो. केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेत काळजीवाहकाला दरमहा ६०० रुपये ठरवले आहेत.

आपण काय करावे?
१. यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे.
२. कलम ३८ नुसार 'जास्त आधाराची गरज' असल्याचा अर्ज द्यावा. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असावे. त्या व्यक्तीच्या वतीने कुटुंबीय किंवा संस्थाही अर्ज करू शकते. मूल्यांकन मंडळ गरज तपासते. अर्ज कोणाकडे द्यायचा, हे जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारावे.
३. अर्जाची पोच जपून ठेवावी. भत्ता आज सुरू नसला तरी गरजेची नोंद होते.

आमच्यानंतर काय?
स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ लागू आहे. १८ वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. ही योजना देशभर लागू आहे. आईवडील हिंडते-फिरते असतानाच हे अर्ज करून ठेवावेत.