घरबांधणीचे प्लाझ्मा कटिंग टेबल : नियंत्रण प्रणाली कशी निवडावी?

पेरणीचा वाफसा कोणासाठी थांबत नाही. तिफणीच्या फणाची पट्टी, कल्टिव्हेटरचा क्लॅम्प किंवा मळणी यंत्राची जाळी ऐन हंगामात तुटली, तर सुटा भाग शहरातून येण्याची वाट पाहणे शेतकऱ्याला परवडत नाही. म्हणूनच अवजारे दुरुस्त करणाऱ्या ग्रामीण कार्यशाळा आणि अवजारे भाड्याने देणारी केंद्रे स्वतःच प्लाझ्मा कटिंग टेबल उभारण्याचा विचार करू लागतात. लोखंडी सांगाडा, रेल, मोटारी आणि प्लाझ्मा यंत्र यांची जुळवाजुळव कुशल वेल्डर करू शकतो. अडचण येते ती टेबल चालवणारी आज्ञावली आणि इलेक्ट्रॉनिक्स निवडताना. ही निवड चुकल्यास टॉर्च पत्र्यावर आदळते, नोझल वारंवार जळतात आणि गुंतवणूक कोपऱ्यात पडून राहते.

प्लाझ्मा टेबलाचे वेगळेपण

लाकूड कोरणाऱ्या सीएनसी यंत्रात हत्याराची खोली आधीच ठरलेली असते. प्लाझ्मामध्ये तसे नसते. उष्णतेने पत्रा कापला जात असतानाच वाकतो आणि उचलला जातो. चांगल्या कापासाठी मात्र टॉर्च व पत्रा यांतील अंतर साधारण दीड मिलिमीटरच्या आसपास स्थिर राहावे लागते. अंतर वाढले की चापाचा व्होल्टेज वाढतो आणि अंतर घटले की तोही घटतो. या तत्त्वावर टॉर्च आपोआप वर-खाली करणाऱ्या व्यवस्थेला टॉर्च उंची नियंत्रण म्हणतात. त्यामुळे निवडीची सुरुवात ‘कोणती आज्ञावली स्वस्त?’ या प्रश्नाने न करता ‘उंचीचे नियंत्रण कोण आणि कसे करणार?’ या प्रश्नाने करावी.

प्रत्येक कापाचा क्रमही ठरलेला असतो. टॉर्च प्रथम पत्र्याला हलका स्पर्श करून पृष्ठभागाची पातळी शोधते. नंतर ती छिद्र पाडण्याच्या उंचीवर जाते. ही उंची कापाच्या उंचीच्या सुमारे दुप्पट असते. तेथे चाप पेटतो. चाप स्थिर झाल्याचा संकेत मिळाल्यावर पत्रा आरपार होईपर्यंत टॉर्च क्षणभर थांबते, कापाच्या उंचीवर उतरते आणि मगच पुढे सरकते. हा क्रम बिनचूक पार पाडणे हे नियंत्रकाचे मुख्य काम आहे.

तीन प्रमुख पर्याय

पहिला पर्याय जीआरबीएल. ही मुक्त आज्ञावली आर्डुइनोसारख्या छोट्या बोर्डावर चालते आणि खर्च सर्वांत कमी येतो. तिच्या वेगाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मोटारीच्या एका फेऱ्यात १६०० पल्स लागत असतील आणि तेवढ्यात टॉर्च ८० मिलिमीटर सरकत असेल, तर दर मिलिमीटरला २० पल्स होतात. मिनिटाला ६ मीटर वेगानेही सेकंदाला केवळ २००० पल्स लागतात. जीआरबीएल सुमारे ३०,००० पर्यंत देऊ शकते. उणीव आहे ती उंची नियंत्रणाची. मूळ जीआरबीएलमध्ये ही सोय नाही. त्यासाठी उभ्या अक्षाची मोटार स्वतः चालवणारा स्वतंत्र नियंत्रक जोडावा लागतो.

दुसरा पर्याय मॅक ३. विंडोजवर चालणारी ही सशुल्क आज्ञावली अनेक कारागिरांच्या परिचयाची आहे. बाहेरील उंची नियंत्रकाकडून येणारे ‘वर’ आणि ‘खाली’ असे संकेत ती स्वीकारते. मात्र ती आता जुनी झाली असून पॅरलल पोर्टमार्फत वापरायची तर ३२ बिटचे जुने विंडोज लागते. यूएसबी किंवा इथरनेटचे नियंत्रण कार्ड घेतल्यास ही अट उरत नाही. पण ते कार्ड उंची नियंत्रणाचे संकेत हाताळते की नाही, याची खात्री खरेदीपूर्वीच करावी.

तिसरा पर्याय लिनक्ससीएनसी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतील प्रकल्पातून विकसित झालेली ही मुक्त आज्ञावली विनामूल्य आहे. तिच्यातील क्यूटीप्लाझ्मासी हा भाग खास प्लाझ्मासाठी तयार केलेला असून स्पर्शशोध, छिद्र पाडणे, चापाची खात्री आणि उंची नियंत्रण ही सर्व कामे तो एकत्रित करतो. जुना संगणकही चालू शकतो. परंतु त्याचा प्रतिसाद किती नियमित आहे हे आज्ञावलीतीलच लेटन्सी चाचणीने तपासावे. मेसा कंपनीचे इथरनेट कार्ड जोडल्यास पल्स निर्माण करण्याचा भार कार्डावर जातो. त्याच कंपनीचे दुसरे एक छोटे कार्ड चापाचा व्होल्टेज मोजून देते. मांडणी शिकण्यास वेळ लागतो, हीच याची खरी किंमत.

प्लाझ्मा यंत्राशी जुळणी

कित्येक स्वस्त प्लाझ्मा यंत्रे उच्च वारंवारतेच्या ठिणगीने चाप पेटवतात. या ठिणगीमुळे संगणक मध्येच बंद पडणे, मोटारीच्या पायऱ्या चुकणे आणि कार्ड जळणे हे प्रकार घडतात. यास्तव हवेच्या दाबाने इलेक्ट्रोड मागे सरकवून चाप पेटवणारे, सीएनसी जोडणीची सोय असलेले यंत्र निवडावे. अशी जोडणी चापाचा व्होल्टेज विभागून, म्हणजे उदाहरणार्थ ५०:१ या प्रमाणात कमी करून देते. चापाचा मूळ व्होल्टेज शंभराहून अधिक असल्याने यंत्र उघडून थेट तार काढणे जीवघेणे ठरू शकते. टेबलाला उत्तम अर्थिंग द्यावे, संकेताच्या तारा आवरणयुक्त असाव्यात आणि त्या टॉर्चच्या केबलपासून दूर न्याव्यात.

कापाच्या वेळी घ्यावयाची काळजी

कोपऱ्यात किंवा लहान छिद्रात वेग मंदावला की कापाची फट रुंदावते आणि व्होल्टेज वाढतो. नियंत्रकाचा समज होतो की टॉर्च वर गेली आहे. तो तिला खाली आणतो आणि टॉर्च पत्र्यावर आपटते. म्हणून वेग घटताच उंची नियंत्रण गोठवण्याची सोय असलीच पाहिजे. पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान व्यासाची छिद्रे प्लाझ्माने न कापता ड्रिलने पाडावीत. रेखाचित्र फ्रीकॅड किंवा इंकस्केपमध्ये करता येते. टॉर्चचा मार्ग आखण्यासाठी शीटकॅमसारखी आज्ञावली वापरावी, कारण ती कापाची फट, प्रवेशमार्ग आणि छिद्रांतील कमी वेग यांचा हिशेब ठेवते. हवेच्या प्लाझ्माने कापलेल्या कडेत नायट्रोजन मुरतो. ती कड घासून न घेता वेल्डिंग केल्यास जोडात पोकळ्या राहतात, आणि असा जोड शेतात ताण येताच तुटतो.

निवडीचा क्रम

प्रथम सीएनसी जोडणी असलेले प्लाझ्मा यंत्र, नंतर उंची नियंत्रणाची पद्धत, त्यानंतर आज्ञावली व कार्ड आणि शेवटी संगणक, असा क्रम ठेवावा. अधूनमधून सपाट, जाड पट्ट्या कापणाऱ्यास जीआरबीएल आणि स्वतंत्र उंची नियंत्रक पुरेसा ठरतो. मॅक ३ चा अनुभव असणाऱ्याने योग्य कार्डासह तीच आज्ञावली चालू ठेवण्यास हरकत नाही. पातळ पत्रा रोज कापावा लागणाऱ्या आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या कार्यशाळेसाठी लिनक्ससीएनसी अधिक उपयुक्त आहे. कोणताही पर्याय घेतला तरी चाप न पेटवता टेबल कोरडे चालवून पाहावे, नंतर भंगार पत्र्यावर चाचण्या घ्याव्यात आणि हे सर्व हंगामापूर्वी पूर्ण करावे.