अलार्म वाजला, धावायचं कुणी?

बॉस्टनजवळच्या सॉमरव्हिल गावात ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये विजेवर वाजणाऱ्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. एडविन होम्स यांनी पुढं ते हक्क विकत घेऊन तिचा रीतसर धंदा केला. पोलिसांना ती घंटा डोईजड झाली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस, यंत्रं स्वस्त होऊन घरोघरी बसली तेव्हा.

मालक कंपनीला दरमहा पैसे भरणार. सिग्नल आला की कंपनी त्याच्या घरी फोन करणार आणि कुणी उचलला नाही की पोलिसांना कळवणार. पुढची धावपळ सरकारी खर्चानं! अमेरिकेत अशा वर्दींपैकी ९४ ते ९८ टक्के खोट्या निघत. प्रत्येक वेळी बहुधा दोन शिपाई, साधारण वीस मिनिटं, घराभोवती चक्कर, दारं-खिडक्या ओढून बघायच्या. कारण काय, तर वाढदिवसाचा उरलेला फुगा खोलीत तरंगतोय, किंवा मांजर सोफ्यावरून उडी मारतंय. कोड चुकवणारे घरचेच लोक तर सगळ्यात जास्त.

शहरांनी आधी परवाने काढले, मग दंड लावले. पण पहिल्या काही चुका माफ, आणि वसुलीसाठी पुन्हा माणसं हवीत. हा उपाय मला अर्धामुर्धाच वाटतो. शिपायाची फेरी काही त्यानं वाचत नाही.

सॉल्ट लेक सिटीनं डिसेंबर २००० मध्ये मुळालाच हात घातला. आधी कुणीतरी प्रत्यक्ष पाहून खात्री करायची, मगच पोलीस येणार. कंपनीनं हवा तर खासगी रखवालदार पाठवावा. दरोड्याच्या वेळी दाबायच्या बटणाला मात्र सूट. अलार्मच्या फेऱ्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्या. अलार्मवाल्यांनी ओरड केलीच. डॅलसनं २००६ मध्ये दुकानं-कचेऱ्यांपुरता असाच नियम केला आणि दोन वर्षांच्या आत गुंडाळला.

ब्रिटिश पोलीस जास्त धूर्त. १९९५ च्या धोरणापासून ते अलार्मला नोंदणी क्रमांक देतात. बारा महिन्यांत तीन खोट्या वर्दी झाल्या की पोलिसांचं येणं बंद. तिथं अनेक विमा कंपन्यांची अटच असते की पोलीस येणारा अलार्म हवा. त्यामुळे मालक स्वतःच यंत्राची निगा राखतो.

टोरंटोनं २०१८ मध्ये आणि सिएटलनं ऑक्टोबर २०२४ मध्ये खात्रीचीच वाट धरली. सिएटलला आता चित्रफीत, आवाज किंवा साक्षीदार लागतो. नुसतं दार उघडल्याचं सांगणारं जुनं यंत्र असेल, तर आधी कुणीतरी जाऊन बघायचं.