समोरून पट्टे, तिरकं पाहिलं की चित्र: काय आहे शॅडो निटिंग?

स्वेटर विणून झाला की लोकरीच्या छोट्या गुंड्या उरतात. त्या टाकवत नाहीत आणि एका गुंडीत टोपडंही होत नाही. अशाच उरलेल्या लोकरीची एक शाल विणता येते. समोरून ती साधी पट्ट्यांची दिसते, पण तिरकं पाहिलं की तिच्यात चौकोन उमटतात. या तंत्राला शॅडो निटिंग म्हणतात. डेन्मार्कच्या डिझायनर विव्हियन ह्योक्सब्रो यांनी त्यावर २००४ मध्ये पुस्तकही लिहिलं.

हे घडतं कसं?

यात दोन रंग आलटूनपालटून, प्रत्येकी दोन ओळी विणतात. मागच्या बाजूने विणताना सुलट टाका घातला की पुढच्या बाजूला उंचवटा येतो आणि उलट घातला की ती जागा सपाट राहते. तिरकं पाहताना उंचवटे सपाट भाग झाकतात आणि फक्त उंचवट्यांचाच रंग दिसतो.

विणायचं कसं?

४० टाके घालून नमुना करून पाहा.

१. गडद रंग: पूर्ण ओळ सुलट.
२. गडद रंग: १० सुलट, १० उलट, असं शेवटपर्यंत.
३. फिका रंग: पूर्ण ओळ सुलट.
४. फिका रंग: १० उलट, १० सुलट, असं शेवटपर्यंत.

चौकोन पुरा होईपर्यंत या चार ओळी पुन्हा विणा. मग दुसऱ्या आणि चौथ्या ओळीतले सुलट-उलट बदला.

रंग कसे निवडाल?

गडद रंग एकच ठेवा आणि फिक्या पट्ट्यांसाठी उरलेल्या गुंड्या वापरा. सगळ्या लोकरीची जाडी सारखी हवी. लाल आणि हिरवा डोळ्यांना वेगळे वाटतात, पण दोन्ही सारखेच गडद असले तर चित्र हरवतं. म्हणून गुंड्यांचा मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. त्यात फरक दिसला तरच जोडी जमली.

लोकर मध्येच संपली तर?

उरलेला धागा दुमडून मध्यावर सैल गाठ मारा. पहिली ओळ गाठीच्या बरीच आधी संपली, तर दुसरीही पूर्ण होईल. नाहीतर गाठ सोडून तो रंग बाजूला ठेवा.

शाल तयार झाल्यावर इस्त्री मात्र करू नका. उंचवटे दबले की चित्रही गेलं!

आणि एक गंमत. शाल अरुंद बाजूने विणायला घेतली, तर अंगावर पट्टे आडवे येतात. समोरच्याला फक्त पट्टे दिसतात. चित्र दिसतं ते मान खाली घालून पाहणाऱ्या तुम्हाला.