दारुहळद : डोंगरातली आणि बाटलीतली



गेल्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. तिला मधुमेह, तिकडूनच आणलेल्या ग्लिमेपिराइडच्या गोळ्या चालू. कुणीतरी 'बर्बेरिन' सुचवलं. झाडपाल्याचंच तर आहे, म्हणून बाटली मीच आणून दिली. दहाव्या दिवशी दुपारी आई घामाघूम, हात थरथरतायत. साखर मोजली तर ६२! लगेच साखरपाणी पाजलं, निभावलं.

मग शोधत बसलो. बर्बेरिन म्हणजे आपल्या दारुहळदीतलं पिवळं द्रव्य. हिचं हळदीशी काही नातं नाही. हिमालयात साधारण २००० ते ३००० मीटर उंचीवर वाढणारं हे काटेरी झुडूप. 'दारु' म्हणजे लाकूड, आणि ते आतून पिवळंधमक. (दुसऱ्या दारूशी संबंध नाही, निराश होऊ नये!)

शेजारच्या अल्मोड्याच्या काकूंना फोटो दाखवला, तर त्या एकदम खुलल्या, "अरे, ये तो हमारा किल्मोड़ा है!" लहानपणी त्याची आंबटगोड फळं खाऊन पोरांची तोंडं जांभळी व्हायची. शेताला कुंपण त्याचंच, लोकरीला पिवळा रंगही त्याच्याच मुळांचा. आयुर्वेदात दारुहळदीचा काढा दुधात आटवून रसांजन करतात, उत्तरेत त्याला रसौत म्हणतात. डोळे येणं, मूळव्याध, जुलाब, चिघळलेली जखम, अशा कामांसाठी ते जुन्या काळापासून वापरात आहे.

पण काकूंच्या घरी काढा व्हायचा तो दुखण्यापुरता, चार दिवस. आम्ही मात्र त्यातला अर्क वेगळा काढून, कॅप्सूलमध्ये भरून, रोज, वर साखरेच्या गोळीसोबत! बर्बेरिन स्वतःच साखर उतरवतं, शिवाय काही औषधांचा शरीरात निचरा होण्याचा वेग कमी करतं. गरोदर बायकांनी आणि तान्ह्या बाळांनी तर ते घेऊच नये, बाळाची कावीळ त्याने बळावू शकते.

आणखी एक. औषध मुळात असतं, आणि मूळ खणलं की झुडूप गेलं. मागणी वाढली तसं डोंगरात ते कित्येक ठिकाणी विरळ झालंय.

गंमत म्हणजे आमच्या दारातलं लाल पानांचं जपानी बार्बेरीचं कुंपण हिचीच चुलत बहीण निघाली. परवा फांदी छाटली, साल खरवडली, आत तोच पिवळा रंग. आईला दाखवला. म्हणाली, "दिसायला छान आहे रे, पण आता मला पाजू नकोस."

तेव्हा मंडळी, आई-बाबा आले की त्यांच्या गोळ्यांचा डबा एकदा डॉक्टरांना दाखवा. 'नैसर्गिक' बाटल्यांसकट.

लोभ असावा,
एक न्यू जर्सीकर